करवंदाची जाळी आणि रक्तातले लोह

मंचरच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. ते लिहितात, "मुलाच्या पुस्तकात दक्षिण अमेरिकेच्या टोकावरील थंड प्रदेशात वाढणाऱ्या, रासबेरीच्या कुळातील एका बुटक्या रानझुडपाची माहिती आहे. त्याची लाल, आंबटगोड फळे तिकडचे लोक आवडीने खातात. मुलगा विचारतो, आपल्याकडे असे काही आहे का? मी त्याला करवंद सांगितले. बरोबर आहे का? आणि करवंदे खाल्ल्याने रक्त वाढते असे म्हणतात, ते खरे का?"

पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर मी स्वतः एकदा चुकीचे दिले होते आणि त्याची किंमत एका मुलीला मोजावी लागली. म्हणून आजचा लेख थोडा सविस्तर लिहीत आहे.

नाते कुळाचे नाही, सवयीचे

रासबेरी गुलाबाच्या कुळातली. तिचे एक फळ म्हणजे बारीक बारीक रसाळ मण्यांचा झुबका असतो. आपल्याकडे महाबळेश्वरच्या बाजूला ती लावतात. करवंद मात्र कण्हेरीच्या कुळातले. कच्चे फळ तोडले की देठातून पांढरा चीक येतो, तो या कुळाचाच गुण. तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन झाडे एकमेकांची सोयरी नाहीत. पण काटेरी जाळी करून वाढायचे, खडकाळ आणि हलक्या जमिनीत तग धरायचा आणि वर्षातून एकदा लहानमोठ्यांना आंबटगोड फळे द्यायची, ही सवय दोघांची सारखीच. मुलाला दिलेले उत्तर त्या अर्थाने ठीक आहे.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, जिथे सह्याद्री एकदम कोकणात उतरतो, तिथे आहुपे गाव आहे. डिंभे धरणाच्या जलाशयाच्या कडेकडेने जाणारा रस्ता तिथे पोचतो. कड्यावर उभे राहिले की खाली मुरबाड तालुका आणि समोर गोरखगड दिसतो. गावाची देवराई प्रसिद्ध आहे. भीमाशंकरच्या अभयारण्याला १९८५ साली मान्यता मिळाली, पण देवाच्या नावाने राखलेले हे रान त्याच्या कितीतरी आधीचे. या भागात वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. भातशेती, नाचणी-वरई आणि हिरडा यांवर इथला संसार चालतो. आणि मे महिन्यात माळावरच्या जाळ्या करवंदांनी काळ्याभोर होतात.

आमच्या लहानपणी करवंद तोंडात टाकण्यापूर्वी "कोंबडा की कोंबडी?" असे विचारायची पद्धत होती. अर्धे फळ दातांनी तोडायचे. आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरट निघाले तर कोंबडी. आजही आहुप्याच्या वाटेवर पोरे हाच खेळ खेळताना दिसतात.

माझी चूक

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच बाजूच्या एका वाडीत उन्हाळ्यात माझे भाषण होते. विषय होता स्त्रियांमधील रक्तक्षय. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. हे सांगितल्यावर उपाय सांगणे आले. समोर परडीत करवंदे होती. मी परडीकडे बोट दाखवून म्हणालो, "औषध तुमच्या दारात आहे. शंभर ग्रॅम करवंदांत ३९ मिलिग्रॅम लोह असते. मुलींना पोटभर खाऊ द्या." टाळ्या पडल्या. मलाही बरे वाटले.

जूनच्या अखेरीस एक बाई आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आल्या. या मुलीला मी मार्चमध्ये तपासले होते. तेव्हा हिमोग्लोबिन ९.४ होते आणि तीन महिन्यांच्या लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. आता ती हंडा घेऊन चढ चढताना तीनदा खाली बसत होती. पापणी खाली ओढून पाहिली तर आतला भाग कागदासारखा पांढरा. हिमोग्लोबिन ६.९ भरले.

"गोळ्या घेतल्या ना?" मी विचारले.

"पंधरा दीस घेतल्या," आई म्हणाली. "मळमळायचं तिला. परसाकडं काळी व्हायची. मग तुम्हीच तं त्या दिशी सांगलं, करवंदात लोखंड हाय म्हून. आम्ही पाटी भरून आणायचो. सगळा उन्हाळा खाल्ली तिनं."

मला काही बोलता येईना. बाईंनी माझे शब्द अगदी जसेच्या तसे पाळले होते.

मुलीला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवले. पाळीत फार रक्त जात होते, त्यावर उपचार झाले. जंतांचे औषध दिले, शिरेतून लोह दिले, आणि पुढे गोळ्या नेमाने चालू राहिल्या. चार महिन्यांनी तिचे हिमोग्लोबिन ११.६ झाले. आज ती बरी आहे. पण तो उन्हाळा तिचा फुकट गेला, आणि तो माझ्या शब्दामुळे.

तो आकडा आला कुठून?

रात्री पुस्तके काढून बसलो. ३९ मिलिग्रॅम हा आकडा खोटा नव्हता. भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांच्या जुन्या तक्त्यात तो आहे. पण तो *वाळलेल्या* करवंदांचा आहे. ताज्या करवंदाची ओळ त्याच्या शेजारीच आहे आणि त्यात पाण्याचे प्रमाण शंभरात ९१ भाग दिले आहे. वाळवलेल्यात पाणी जेमतेम १८ भाग. म्हणजे शंभर ग्रॅम वाळलेली करवंदे तयार करायला साधारण नऊशे ग्रॅम ताजी करवंदे लागतात. हा ढोबळ हिशेब धरला तरी ताज्या शंभर ग्रॅममध्ये चार मिलिग्रॅमच्या आसपासच लोह येते. लोक तोंडात टाकतात ती ताजी करवंदे आणि मी सांगत होतो तो आकडा वाळलेल्यांचा.

आता पुढचा हिशेब पाहा. पंधरा वर्षांच्या मुलीला रोजच्या अन्नातून सुमारे ३० मिलिग्रॅम लोह मिळायला हवे, अशी आपल्या देशाची शिफारस आहे. सरकारी लोहाच्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. तेवढे लोह ताज्या करवंदांतून घ्यायचे तर रोज जवळजवळ दीड किलो करवंदे खावी लागतील. शिवाय हंगाम दीड-दोन महिन्यांचा आणि शरीरातला लोहाचा रिकामा साठा भरायला लागतात तीन महिने किंवा अधिक. करवंदांनी गोळीची जागा घेणे शक्यच नव्हते.

आणखी एक गोष्ट. खाल्लेले सगळे लोह रक्तात जात नाही. मटण, मासळी, कलेजी यांतील लोह आतड्यातून सहज शोषले जाते. धान्य, कडधान्य, भाजी, फळ यांतील लोहाचा मात्र थोडाच भाग आत शिरतो, बाकीचे तसेच बाहेर पडते. म्हणून ताटात किती लोह आहे याबरोबरच त्यातले किती अंगी लागते, हेही पाहावे लागते. आणि करवंदाचा खरा उपयोग इथेच आहे.

आंबटपणाचा गुण

पूर्वी लांबच्या सफरीवर जाणाऱ्या खलाशांना एक भयंकर रोग होई. हिरड्या सुजून रक्त येई, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि माणसे मरत. या रोगाचे नाव स्कर्व्ही. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरील डॉक्टराने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निराळा उपाय दिला. संत्री आणि लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर बरे झाले. पुढे जानेवारी १७६९ मध्ये कॅप्टन कुक यांचे जहाज दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी थांबले. आपल्या वाचकाच्या मुलाने ज्या झुडपाविषयी वाचले, त्याचाच हा प्रदेश. तिथल्या किनाऱ्यावरचा रानपाला गोळा करून त्याचे कढण खलाशांना देण्यात आले. ताजा पाला आणि ताजी फळे यांत असे काय असते, हे त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. ते द्रव्य १९२८ साली वेगळे काढले गेले. तेच क जीवनसत्त्व. आपले शरीर ते तयार करू शकत नाही, म्हणून ते अन्नातूनच घ्यावे लागते.

करवंदात हे क जीवनसत्त्व असते. धान्य-भाजीतले लोह ज्या स्वरूपात असते, ते आतड्याला सहजी उचलता येत नाही. क जीवनसत्त्व त्या लोहाचे रूप बदलते, ते विरघळलेले ठेवते आणि मग आतडे ते आत घेते. यात अट एकच. दोन्ही गोष्टी *एकाच जेवणात* पोटात जायला हव्यात. सकाळी भाकरी आणि संध्याकाळी करवंदे, असे केले तर हा फायदा मिळत नाही.

म्हणजे करवंदे स्वतः फार लोह देत नाहीत. नाचणीच्या भाकरीतले, मटकीच्या उसळीतले, माठाच्या भाजीतले लोह अंगी लावायला ती मदत करतात. भाषणात मी हे सांगायला हवे होते.

चहा आणि हिरडा

याच्या उलट काम करणारा पदार्थ आपल्या घरोघरी आहे, तो म्हणजे चहा. आहुप्याच्या लोकांना हे समजावणे सोपे जाते, कारण त्यांचा हिरड्याशी रोजचा संबंध. हिरडा तोंडात धरला की जीभ आखडते. त्यातल्या तुरट द्रव्यामुळेच तो कातडी कमावण्यासाठी वापरला जातो. चहातील तुरटपणा याच जातीच्या द्रव्यांचा. ही द्रव्ये अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि आतड्यात शिरू देत नाहीत. जेवणाबरोबर चहा घेतला तर लोहाचे शोषण निम्म्याहूनही कमी होते, असे प्रयोगांत दिसले आहे.

आपल्याकडे सकाळी चहा-भाकरी हा पुष्कळ घरांतला नेम आहे. शेतावर जाणारी बाई चहात भाकरी कुस्करून खाते आणि निघते. तिला चहा सोडा असे मी म्हणणार नाही. चहा आणि भाकरी यांत तासाभराचे अंतर ठेवा, एवढेच सांगेन. लोहाची गोळी तर चहाबरोबर कधीच घेऊ नये. चमचाभर लिंबाचा रस घातलेल्या पाण्याबरोबर घेतली तर उत्तम.

करवंदे कशी खावीत?

ताजी, पिकलेली, धुतलेली करवंदे जेवणाच्या शेवटी मूठभर खावीत. कच्च्या करवंदांची मिरची-लसूण घालून वाटलेली चटणी भाकरीबरोबर छान लागते आणि न शिजवल्याने तिच्यातले क जीवनसत्त्वही टिकते. उष्णता आणि ऊन यांनी ते नष्ट होते. म्हणून उन्हात वाळवलेल्या किंवा शिजवून मुरवलेल्या करवंदांत आंबटपणा राहिला तरी क जीवनसत्त्व फारसे उरत नाही. लोणचे चवीपुरते खावे. त्यात मीठ बरेच असते, तेव्हा रक्तदाबाच्या रुग्णांनी ते बेतानेच घ्यावे.

कच्च्या करवंदांची आमटी करायची असेल तर लोखंडी कढईत करावी. आंबट पदार्थ लोखंडात शिजला की थोडे लोह अन्नात उतरते. शिजल्यावर मात्र ती लगेच दुसऱ्या भांड्यात काढून ठेवावी, नाहीतर काळी पडते आणि चव बिघडते.

बेकरीच्या केकवर किंवा मसाला पानात जी लालभडक "चेरी" असते, ती पुष्कळदा साखरेच्या पाकात मुरवून रंगवलेले करवंदच असते. ते करवंद आहे म्हणून पौष्टिक, असे कोणी समजू नये. त्यात उरते ती साखर आणि रंग.

करवंदांचा हंगाम पहिल्या पावसाबरोबर संपतो. पुढे काय? थंडीत आवळा आणि पेरू येतात. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत ही दोन्ही फळे करवंदाच्या पुढे आहेत. संत्र्यापेक्षा पेरूत ते कितीतरी पटींनी अधिक असते, हे अनेकांना खरे वाटत नाही. बाकी बारमाही लिंबू आहेच. अर्धे लिंबू वाढलेल्या उसळीवर, भाजी खाली उतरवल्यानंतर पिळावे.

जाळीत हात घालण्यापूर्वी

करवंदाच्या जाळीत गारवा असतो, म्हणून उन्हाळ्यात तिच्या बुडाशी साप विसावतात. आपल्या डोंगरात फुरसे आहे. ते लहान दिसते, दगडात आणि पाचोळ्यात मिसळून जाते, आणि विषारी आहे. आधी काठीने जाळी हलवावी, पायात बूट-चप्पल असावी. साप चावलाच तर जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काही करू नये. तो भाग हलू न देता माणसाला थेट रुग्णालयात न्यावे.

काटा खोल गेला तर जागा साबण-पाण्याने स्वच्छ धुवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे का ते पाहावे. मुलांना हे इंजेक्शन दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मोफत मिळते. अगदी लहान मुलांना अख्खे करवंद देऊ नये, घशात अडकू शकते. कुस्करून, बिया काढून द्यावे. आणि करवंद ज्या कण्हेरीच्या कुळातले, त्यात कण्हेर आणि पिवळी कण्हेर यांसारखी जीवघेणी विषारी झाडेही आहेत. म्हणून मुलांना शिकवावे, की ओळखीचे नसलेले फळ तोंडात घालायचे नाही.

गोळीची भीती

आता मूळ मुद्द्याकडे येतो. लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, न शोषलेले लोह बाहेर पडते एवढाच त्याचा अर्थ. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, किंवा डॉक्टरांना सांगून प्रमाण बदलून घ्यावे. गोळी परस्पर बंद करू नये. हिमोग्लोबिन वाढल्यावरही काही आठवडे ती चालू ठेवावी लागते, कारण शरीरातला साठा त्यानंतर भरतो.

शाळेत किशोरवयीन मुलामुलींना दर आठवड्याला निळी गोळी मिळते. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी गुलाबी आणि गरोदर स्त्रियांसाठी लाल. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० गोळ्या, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८०. या मोफत मिळतात म्हणून हलक्या दर्जाच्या, असे समजू नये.

प्रत्येक रक्तक्षय हा अन्नाच्या कमतरतेचाच असतो असेही नाही. पाळीत फार रक्त जाणे, आतड्यातील जंत, हिवताप, मूळव्याध अशी कारणे असू शकतात. अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्यातून शिरणारे आकडेकृमी आतड्यात राहून रक्त पितात. आदिवासी भागात सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी. कारण शोधल्याशिवाय नुसते "रक्त वाढवणारे" पदार्थ खात राहणे म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतत राहण्यासारखे आहे.

दम लागणे, छातीत धडधड, चक्कर, पापण्या आणि नखे पांढरी पडणे, माती किंवा खडू खाण्याची इच्छा होणे, यांतले काहीही दिसले तर हिमोग्लोबिन तपासा. गरोदर नसलेल्या स्त्रीचे १२ च्या आणि गरोदर स्त्रीचे ११ च्या खाली असेल तर उपचार हवेत. गरोदर नसलेल्या स्त्रीचे ८ च्या आणि गरोदर स्त्रीचे ७ च्या खाली गेले असेल तर एक दिवसही घरी थांबू नये.

पुन्हा त्या वाडीत

गेल्या मे महिन्यात मी त्या वाडीत पुन्हा गेलो. या वेळी भाषणाची सुरुवातच "मागे मी तुम्हाला चुकीचे सांगितले होते," या वाक्याने केली. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. डॉक्टर चुकलो म्हणतो, याची सवय कोणाला नव्हती. मग वाळलेल्या आणि ताज्या करवंदांचा हिशेब सांगितला, चहाचा आणि हिरड्याचा सांगितला.

ती मुलगी मागे बसली होती. कार्यक्रम संपल्यावर तिच्या आईने पळसाच्या द्रोणात करवंदे आणून दिली. म्हणाली, "घ्या डाक्टर. जेवल्यावर खा. आन् च्या पिऊ नका वर."

आमच्या वाचकाला माझे उत्तर एवढेच. करवंदे जरूर खा, मुलाला जाळी दाखवायला आहुप्याला घेऊन जा, कोंबडा-कोंबडीचा खेळ खेळा. पण घरात कोणाला लोहाची गोळी चालू असेल तर करवंदे गोळीच्या जोडीला खावीत. करवंदांसाठी गोळी बंद करू नये.